केशर स्वखुशीने गेली

दिवाण खासनिसांनी आंदणाच्या भांड्यांची नावं वाचून संपवली, चष्मा काढला आणि नेहमीप्रमाणे चिकाच्या पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"आता मुलींचं," ते म्हणाले. "अक्कासाहेबांबरोबर सासरी कोणाकोणाला आंदण द्यायचं, तेवढं आईसाहेबांनी सांगावं. देवरुंजच्या व्याह्यांना कळवायचं आहे."

मी पडद्याच्या बाहेर, उजव्या कोपऱ्यात, ठेंगण्या चौरंगावर बसले होते. पडद्यामागे आईसाहेब होत्या. आमच्या तळगिरी संस्थानात राणीचा आवाज परक्या पुरुषाच्या कानावर पडायचा नाही, अशी रीत होती. थोरले महाराज वारले तेव्हा आईसाहेबांच्या दोन मुलांपैकी अक्कासाहेब लहान होत्या आणि बाळमहाराज रांगत होते. कारभार आईसाहेबांकडे आला, पण रीत तशीच राहिली. चिकाच्या काड्या माझ्या कानाजवळ थोड्या कापलेल्या होत्या. तिथून आईसाहेब हळू बोलत. ते मी सदरेला मोठ्याने सांगे, आणि चिटणीस मी सांगितलेलं लिहून घेत. मग आतून घंटा वाजे. घंटा म्हणजे शिक्का. त्यानंतर शब्द फिरत नसे.

चिकाचा पडदा साधा असतो. बांबूच्या बारीक काड्या, दोऱ्याने ओवलेल्या. सगळी करामत उजेडाची असते. बाहेर उजेड आणि आत अंधार असेल तर आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. आत एक समई लावली की सगळं उलटं होतं. म्हणून सदरेच्या वेळी आत कधी दिवा लागत नसे. मी लहान असताना एकदा आत समई पेटवून बघितली होती आणि त्याबद्दल मार खाल्ला होता.

आईसाहेब लग्न होऊन तळगिरीला आल्या तेव्हा मी त्यांच्या आंदणात आले. परकरी होते. त्यांच्या माहेरच्या चौकात एक कारकून मोठ्याने वाचत होता: घंगाळी, समया, पानदान, केशर. माझं नाव पानदानाच्या पाठोपाठ आलं. माझी आई भांडी घासणाऱ्या बायकांत उभी होती. तिने हात वर केला. निरोपाचा की अडवायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

तळगिरीत मी बरीच वर्षं पाणी भरलं, पाय चेपले, विडे केले. शब्द सांगायला आधी घराण्यातल्या एक वयस्कर काकी बसत. त्यांचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत नसे. मागे बसलेले मानकरी "काय म्हणाल्या?" असं एकमेकांना विचारत, आणि प्रत्येक जण आपल्याला हवं ते ऐकून घरी जाई. एकदा काकी आजारी पडल्या म्हणून मला बसवलं. माझा आवाज पोचला. काकी बऱ्या झाल्या, पण मी उठले नाही आणि मला कोणी उठवलंही नाही.

सुरुवातीला मी अक्षर न बदलता सांगे. आईसाहेबांना राग फार चटकन येई. त्या म्हणत, "त्या खासनिसाला सांग, अक्कल गहाण टाकली आहे का." मी तेच सांगे. सदर गार पडे आणि काम अडे. एकदा मी सांगितलं, "दिवाणसाहेबांनी हे पुन्हा एकवार बघावं, अशी इच्छा आहे." खासनीस खाली बघून हसले. त्यांना मूळ वाक्य साधारण कळलं असावं. काम मात्र त्याच दिवशी झालं. सदर उठल्यावर आईसाहेब म्हणाल्या, "मी एवढं गोड बोलले नव्हते."

मी विड्यांचं तबक पुढे केलं.

"असू दे," त्या म्हणाल्या.

त्या "असू दे"वर मी माझं सगळं उभारलं. "पाहू" हा एकच शब्द दोन तऱ्हांनी सांगता येतो. एका तऱ्हेने माणूस आशेने घरी जातो, दुसरीने तो पुन्हा येत नाही. कोणाला कोणती तऱ्हा द्यायची ते मी ठरवू लागले. मानकऱ्यांच्या बायका पानसुपारीच्या वेळी माझ्या हातावरही अत्तर लावू लागल्या. "केशरे"ची "केशरबाई" झाले. मुदपाकखान्यातला बुवाजी आचारी कामाच्या पोरींना चटके द्यायचा. त्याने पगारवाढ मागितली तेव्हा आईसाहेबांचं "पाहू" मी अशा आवाजात सांगितलं, की खासनिसांनी त्याला दसऱ्याच्या आत घरी बसवलं. आईसाहेबांना ते नंतर समजलं. त्या मला म्हणाल्या, "माझ्या नकळत मी बरीच कामं करते." आम्ही दोघी हसलो होतो. तेव्हा हसता येत होतं.

मला एक मुलगी होती, शेवंती. तिचा बाप पागेतला. ती पोटात असतानाच घोड्याच्या लाथेने गेला. आंदणात आलेल्या बाईची मुलगी राजवाड्याची असते, आणि राजकन्येच्या लग्नात अशाच मुली दिल्या जातात. हे मला ती जन्मली त्या दिवसापासून माहीत होतं. मी चौरंगावर बसून जे काही मिळवत होते, ते ह्या एका दिवसासाठी मिळवत होते. लोकांना वाटे केशरबाईला सोनंनाणं हवंय, मान हवाय. मला माझं मूल त्या वाचनात नको होतं, बस.

आणि तो दिवस आला. खासनीस माझ्याकडे बघत होते. चिकाच्या फटीतून आईसाहेबांचा श्वास माझ्या कानाला लागला.

"तुझी शेवंती पहिली," त्या म्हणाल्या. "अक्काला ती हवीच आहे. बाकीच्या तीन तू सुचव."

त्या सहज बोलल्या. त्यात दुष्टपणा नव्हता. बाकीच्या तीन मला निवडू देणं हा त्यांच्या दृष्टीने माझा मानच होता.

मी सदरेकडे तोंड केलं आणि सांगितलं, "आईसाहेबांची आज्ञा आहे. ह्या लग्नात मुली आंदण द्यायच्या नाहीत. ही रीत तळगिरीत इथून पुढे बंद."

चिटणिसांचा बोरू थांबला. एका मानकऱ्याने शेजाऱ्याकडे बघितलं. खासनीस खुर्चीतून उठलेच, आणि पहिल्यांदा थेट चिकाकडे बघून त्यांनी हात जोडले. "इंग्रज सरकारचे एजंटसाहेब हीच गोष्ट दोन हिवाळे सुचवत होते," ते म्हणाले, "पण आईसाहेबांपुढे काढायचा मला धीर होत नव्हता. आज संध्याकाळीच त्यांना कळवतो." मग ते चिटणिसांना म्हणाले, "लिहा. जसंच्या तसं लिहा."

मी हे धरून चालले होते. आईसाहेबांना आता बोलायचं असेल तर माझ्याच तोंडून बोलावं लागणार होतं. आणि शब्द सांगणारी खोटं सांगते असं त्यांनी एकदा कबूल केलं, की आजवरच्या सगळ्या आज्ञा संशयात येणार होत्या. बाळमहाराज लहान होते. एजंटसाहेबांना कारभार हातात घ्यायला एवढं निमित्त पुरलं असतं.

घंटा वाजायला वेळ लागला. पण वाजली.

आत गेले तेव्हा वाटलं, थोबाडीत बसेल. आईसाहेब तक्क्याला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. भांडं पूर्ण रिकामं करून त्यांनी खाली ठेवलं.

"केशर, आजवर तू माझं बोलणं गोड करत होतीस. ते मी चालवून घेतलं," त्या म्हणाल्या. "आज तू बोललीस."

"चुकलं असेल तर—"

"चुकलं म्हणू नकोस. तुला तसं वाटत नाहीये." त्यांनी पदर सारखा केला. "पोरगी ठेवायची होती ना तुला? राहील. उद्यापासून चौरंगावर ती बसेल. तू आत, माझ्यामागे. वारा घाल."

मी मुजरा केला आणि बाहेर आले. खरं सांगायचं तर पायऱ्या उतरताना मला आनंद झाला होता. माझ्या दृष्टीने ही शिक्षाच नव्हती. मुलगी वाचली होती आणि जागाही घरातच राहिली होती.

शेवंती आमच्या खोलीत ट्रंक भरत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ट्रंकेजवळ तशीच बसून राहिली. तिच्या हातात अक्कासाहेबांनी दिलेली जुनी पाटी होती.

"मी जाणार नाही म्हणजे?"

"नाही. तुला कोणी देणार नाही आता. कुणालाच देणार नाहीत."

"पण मला जायचं होतं," ती म्हणाली. "अक्कासाहेबांनी कबूल केलंय, तिकडे मला शाळेत घालतील. तिकडे चीक नाहीये, आई. अक्कासाहेबांच्या सासूबाई मोटारीतून फिरतात, उघड्या तोंडाने. आमचं सगळं ठरलं होतं."

मी म्हटलं, शब्द देणारे खूप असतात. आज शाळेत घालतील, उद्या धुणी धुवायला लावतील. आंदणाची बाई म्हणजे पानदान. मला माहीत आहे, तुला नाही.

"तू मला विचारलंस का?"

"अगं, आईसाहेब तुझं नाव घेत होत्या. मला तिथल्या तिथे बोलायचं होतं. विचारायला कुठे येणार?"

"आज नाही. आधी कधी?"

मुलांना सगळं विचारून करायचं म्हटलं तर एकही मूल जगणार नाही, असं मला तेव्हा वाटे. आजही वाटतं. मी तिची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली आणि चौरंगावर कसं बसायचं ते सांगू लागले. आवाज पोटातून काढ. शेवटच्या खुर्चीकडे बघून बोल. सांगून झालं की हात मांडीवर ठेव, म्हणजे चिटणिसांना कळतं. कोणत्या मानकऱ्याला कसं "पाहू" द्यायचं तेही सांगितलं.

"आणि मी आत असेन," मी म्हटलं. "आईसाहेबांच्या मागेच. त्या काही वेडंवाकडं बोलल्या तर मी दोनदा खोकेन. मग तू शब्द थोडा फिरवायचा. मी सांगेन तसा. त्यांना काही करता येत नाही, आज बघितलंय मी."

"त्यांना काहीच करता येत नाही?"

"काहीच नाही. एकदा सदरेत बोललं की बोललं."

शेवंती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, रुसली आहे, दोन दिवसांत निवळेल. वेणी घट्ट झाली म्हणून तिने एकदा माझा हात बाजूला केला, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा सदर आतून बघितली. आईसाहेबांना इतकी वर्षं काय दिसत होतं ते तेव्हा कळलं. खासनीस, मानकरी, खिडक्यांतून येणारा पूर्वेचा उजेड, सगळं काड्यांच्या रेघांमागे, पण स्वच्छ. दिसत नव्हता तो फक्त बोलणारीचा चेहरा. तिची पाठ दिसत होती. मान, वेणी, पाठीचा कणा. मी बोलताना कशी दिसते हे आईसाहेबांनी कधीच बघितलं नव्हतं. त्या माझ्या पाठीवर भरवसा ठेवत आल्या होत्या.

शेवंती ताठ बसली होती. पहिल्या दोन गोष्टी तिने अक्षरशः सांगितल्या. आवाज माझ्यापेक्षा चांगला लागला, अजून कोरा होता. खासनिसांनी समाधानाने मान हलवली. मी पंखा हलवत होते आणि खोकायची वेळ आली नव्हती.

मग खासनीस म्हणाले, "मुलींची आज्ञा एजंटसाहेबांना फार पसंत पडली. मात्र देवरुंजकर विचारतात, अक्कासाहेबांबरोबर सोबतीला कोणीच नाही का? अगदी एकटं पाठवणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे."

आईसाहेब फटीशी वाकल्या. मी मागेच होते, मला प्रत्येक शब्द ऐकू आला. त्या म्हणाल्या, "सांग, लग्नापुरती काकींची सून जाईल आणि महिन्याने परत येईल."

शेवंतीने मान थोडी वर केली. शेवटच्या खुर्चीकडे बघितलं असणार. मीच शिकवलं होतं.

"आईसाहेबांची आज्ञा आहे," ती म्हणाली, "मुली आंदण द्यायच्या नाहीत हे कायम. अक्कासाहेबांबरोबर केशरबाई जातील. कायमच्या. त्यांनी स्वतःच तशी इच्छा बोलून दाखवली. त्या स्वखुशीने जात आहेत, म्हणून आईसाहेबांनी परवानगी दिली आहे."

आणि तिने हात मांडीवर ठेवला.

माझ्या हातातला पंखा थांबला. मी तोंड उघडलं. पण चिकाआडून बाईचा आवाज बाहेर जात नाही. ती रीत माझ्या अंगात इतकी मुरलेली होती, की माझ्या गळ्यातून नुसती हवा आली. मी दोनदा खोकले. शेवंतीची पाठ हलली नाही. बाहेर मानकरी "वा, वा" म्हणत होते. निष्ठा असावी तर अशी, असं कोणीतरी म्हणालं. चिटणिसांचा बोरू चालू होता.

आईसाहेब वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या घंटा वाजवणार नाहीत, असं मला क्षणभर वाटलं. शब्द त्यांचाही नव्हता. त्यांचा शब्द त्यांच्यासमोर दुसऱ्यांदा मोडला होता. मी मान हलवून नको म्हटलं. हात जोडले.

आदल्या दिवशी घंटा वाजायला वेळ लागला होता. आज लागला नाही.

"शिकवलंयस चांगलं," आईसाहेब हळूच म्हणाल्या.

निघायच्या दिवशी राजवाड्यातून सगळे बघायला आले होते, कारण आंदणात न देता स्वतःहून जाणारी बाई कोणी पाहिली नव्हती. खासनिसांनी मला शालजोडी दिली. शेवंती माझी ट्रंक गाडीपर्यंत घेऊन आली. ती तिचीच ट्रंक होती, आदल्या आठवड्यात तिने स्वतःसाठी भरायला घेतलेली.

मी तिला बाजूला ओढलं. तुला जायचं होतं तर आज्ञा फिरवून तुझं नाव घ्यायचं होतंस, मी म्हटलं. माझं का घेतलंस?

"माझं घेता आलं नसतं. मुली द्यायच्या नाहीत असं तूच सांगितलं होतंस. तो शब्द फिरत नाही. आणि पोरीची स्वखुशी कोण मानतं?"

"मग गप्प राहायचं. राहिले असते मी तुझ्याजवळ."

"हो. आतमध्ये. खोकत." तिने ट्रंकेची कडी लागली आहे का ते बघितलं. "मला इथेच राहायचंय ना, आई? तू तसं ठरवलंस. मग मी माझ्या तोंडाने बोलेन. तू इथे असतीस तर नसतं बोलता आलं."

तिचे डोळे कोरडे होते. मी रडले तेव्हा तिने माझा पदर सारखा केला, आईसाहेब स्वतःचा करत तसा. गाडी सुटल्यावर मी मागे बघितलं. ती हात वर करेल असं वाटलं होतं. ती जिन्याकडे वळली होती. सदरेची वेळ झाली असावी.

देवरुंजला खरंच चीक नव्हता. अक्कासाहेबांच्या सासूबाई, तिथल्या राणीसाहेब, स्वतः बोलत, दिवाणजी समोर बसून ऐकत. ज्या घरात पडदा नाही तिथे माझ्यासारखीचं काय काम? मला विडे करायला बसवलं. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत नेणं, "पाहू"च्या दोन तऱ्हा, कोण कधी लाचार असतो ते ओळखणं, ह्यातलं काहीही तिथे लागत नव्हतं. पहिल्या वर्षी अक्कासाहेबांनी मला शाळेत बसायला सांगितलं. शेवंतीसाठी ठेवलेली जागा होती म्हणे. मी लहान मुलांच्या रांगेत जाऊन बसले, दोन दिवस, आणि परत आले.

तळगिरीच्या बातम्या येत. शेवंतीबाईंच्या शब्दाशिवाय तिथे पान हलत नाही, असं लोक सांगत. खासनिसांना तिने घरी बसवलं. आईसाहेब शेवटी शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या, बोलता येत नव्हतं, तरी सदर भरत होती आणि घंटा वाजत होती. कोण वाजवत होतं ते मी कोणाला विचारलं नाही. आईसाहेब गेल्या तेव्हा तळगिरीहून एक कारकून लुगडं आणि निरोप घेऊन आला. निरोप त्याने उभं राहून म्हणून दाखवला: आईसाहेबांनी अखेरच्या घटकेला केशरबाईंची आठवण काढली. मी लुगडं घेतलं. मी तो निरोप पुन्हा एकदा म्हणायला सांगितला. वाक्याची घडण ओळखीची होती. त्यात आईसाहेबांचं काही नव्हतं.

आता संस्थानंही राहिली नाहीत. बाळमहाराज मुंबईत असतात, शेवंती त्यांच्या घरी सगळं बघते असं ऐकते. अक्कासाहेबांच्या बंगल्याच्या मागे मला एक खोली आहे. संध्याकाळी पाहुणे येतात, हिरवळीवर खुर्च्या मांडतात. अक्कासाहेब म्हाताऱ्या झाल्या, त्यांना जुन्या गोष्टी सांगायला आवडतं. नवीन पाहुणे असले की मला विडे घेऊन बोलावतात.

"ही केशर," त्या सांगतात. "आमच्या आईसाहेबांनी मुली आंदण द्यायची रीत बंद केली, त्या काळात. आणि ही, हिला कोणी दिलं नाही हो, ही आपल्या मनाने आली माझ्यासाठी. पोटची मुलगी मागे ठेवून. स्वखुशीने. हो ना गं, केशर?"

मी विड्यांचं तबक खाली ठेवून हिरवळीवर बसते, शेवटच्या खुर्चीकडे बघते आणि "हो" म्हणते. आवाज अजून पोचतो. मग हात मांडीवर ठेवते.